आलूच्या करंज्या आणि वर्तुळातला शिक्का

डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही दोघे मुलीकडे न्यू जर्सीत होतो. बाहेर बर्फ, आत हीटर, आणि धामणगाव रेल्वेच्या माणसाला दिवसभर करायला काही नाही, अशी अवस्था. मुलीच्या वरच्या मजल्यावर ऐंशीच्या घरातल्या एक ज्यू बाई एकट्या राहत. त्यांचे आजी-आजोबा पोलंडमधून आलेले. मुलीचे आईवडील भारतातून आले आहेत आणि आई मांस खात नाही, एवढे कळल्यावर त्या एके दिवशी खाली आल्या आणि एक गोठवलेले पाकीट हातात देऊन गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या एका ज्यू दुकानातले ते पाकीट होते. आत बटाट्याच्या पिरोगी.

पत्नीने पाकीट फोडले, एक नग हातात घेतला आणि म्हणाली, "आलूच्या करंज्याच तं हायेत ह्या!" खरोखरच तसेच होते. मैद्याची पारी, अर्धचंद्राचा आकार, काठाला दाब देऊन बंद केलेले तोंड, आत कुस्करलेला बटाटा आणि परतलेला कांदा. फरक एवढाच की आपण करंजी तळतो; ते लोक आधी उकळत्या पाण्यात सोडतात, वर तरंगली की काढतात आणि मग हवी तर कांद्यावर परततात. आम्ही प्रत्येकी दोन खाल्ल्या. चव साधी, पोटभरीची, थंडीला शोभणारी. जावयांना सवय अशी की जेवता जेवता पाकिटावरची बारीक अक्षरे वाचायची. तिसरी वाढून घेत असताना ते थांबले. पारीच्या पिठात अंडे होते.

पत्नी माळकरी आहे. तिने ताट बाजूला सारले, कोणाला एका शब्दाने बोलली नाही. रात्री माळ हातात घेऊन नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बसली, इतकेच.

दोन दिवसांनी परतफेड म्हणून तिने खऱ्या करंज्या केल्या आणि मुलीला घेऊन ताटली वर नेली. बाई दारात उभ्या राहिल्या, ताटलीकडे कौतुकाने पाहिले, पण हात पुढे केला नाही. अतिशय संकोचून त्यांनी सांगितले की त्यांच्या धर्मनियमानुसार त्यांना दुसऱ्या स्वयंपाकघरातले शिजवलेले चालत नाही. मुलीला वाईट वाटले. जिना उतरताना ती आईला म्हणाली, "आपण त्यांचं खाल्लं ना, मग?" पत्नी म्हणाली, "तुह्या आजीचं सोवळं तू पाह्यलं असतं, तं असं बोलली नसती." घरात संत्री होती. तिने चार संत्री न सोलता एका कागदी पिशवीत घातली आणि पुन्हा वर गेली. आख्खे, कच्चे फळ चालते हे तिला कोणी सांगितले नव्हते. माझ्या आईच्या सोवळ्यातही ते चालत असे. अर्ध्या तासाने मी वर गेलो तेव्हा दोघी स्वयंपाकघरात बसून संत्री सोलत होत्या. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती.

त्या प्रसंगानंतर माझ्या डोक्यात त्या पाकिटावरचे एक बारीक चिन्ह फिरत राहिले. ओ या इंग्रजी अक्षराच्या पोटात यू. बाईंनी पाकीट विकत घेताना फक्त तेवढेच पाहिले होते.

ज्यू लोकांच्या खाण्याच्या नियमांना 'कोशर' म्हणतात, हे बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. डुक्कर वर्ज्य, एवढ्यावर आपली माहिती संपते. प्रत्यक्षात नियमांचे जाळे फार बारीक आहे. प्राणी दुभंगलेल्या खुरांचा आणि रवंथ करणारा हवा. मासा पर आणि खवले असलेलाच हवा, म्हणजे कोळंबी आणि खेकडा बाद. मांसातले रक्त मीठ लावून काढायचे. अंडे फोडताना आधी वेगळ्या वाटीत फोडायचे आणि रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून द्यायचे. पालेभाजीत किडा राहिलेला चालणार नाही. आणि सर्वांत कडक नियम म्हणजे मांस आणि दूध एकत्र करायचे नाही. नुसते एका ताटात नाही असे नव्हे, तर भांडी वेगळी, सुऱ्या वेगळ्या, धुण्याची व्यवस्था वेगळी. मांस खाल्ल्यावर दुधाचा पदार्थ खायला काही तास थांबायचे; कडक घरांत सहा तास.

या दोन भिंतींच्या मध्ये एक तिसरी खोली आहे, तिला ते 'पारेव्ह' म्हणतात. ना मांसाचे, ना दुधाचे. धान्य, भाजी, फळ, तेल, आणि अंडे व मासाही. बटाट्याची पिरोगी ही या खोलीतली. त्यात चीज घातले तर ती दुधाच्या बाजूला गेली आणि मांसाच्या जेवणात बंद झाली. लोणी घातले तरी तेच. पोलंडमधला ख्रिस्ती शेतकरी तीच पिरोगी डुकराच्या चरबीत परती. शेजारचा ज्यू बदकाच्या किंवा कोंबडीच्या चरबीत किंवा तेलात. पदार्थ एक, गाव एक, थंडी एक. फरक कढईतल्या स्निग्धाचा. जुन्या पिढीच्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. धामणगावात माझ्या लहानपणी एकाच आळीत जैन घर होते, मारवाडी वैष्णवांचे होते, आमचे होते. चातुर्मासात कोणाकडे काय चालते याचा हिशेब आळीतल्या पोरांनाही तोंडपाठ असे. जैनांकडे बटाटा नाही, म्हणजे ही पिरोगी तिथे पहिल्याच पायरीवर अडली असती. एकादशीला आमच्याकडे बटाटा हाच आधार. बटाटा तोच, बिचाऱ्याचा दोष काही नाही.

(कोकण-मुंबईकडे त्याला बटाटा म्हणतात, हा पोर्तुगीजांचा शब्द. आम्ही वऱ्हाडात आलू म्हणतो. पोलंडमध्येही तो परकाच, अमेरिकेतून आलेला. तेव्हा बटाट्याच्या पिरोगीला अतिप्राचीन परंपरा वगैरे चिकटवण्याचे कारण नाही.)

तर प्रश्न असा की हे सारे नियम घरात सांभाळणारी बाई बाजारातले तयार पाकीट विश्वासाने कसे घेते? पूर्वी हा प्रश्न नव्हता. १८८० पासून १९२४ पर्यंत पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत गेले. रशियन साम्राज्यातल्या दंगली आणि दारिद्र्य मागे टाकून न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींत ते राहिले. एका खोलीत सात-आठ माणसे, स्वयंपाकाला जागा नाही, बायका शिवणकामाच्या कारखान्यांत. त्यातून कोपऱ्यावरची दुकाने उभी राहिली. खारवलेले मांस, लोणच्याची काकडी, राईचा पाव आणि घरची आठवण यांची ती दुकाने म्हणजे 'डेली'. १९३० च्या दशकात एकट्या न्यूयॉर्क शहरात कोशर डेलींची संख्या दीड हजारांच्या घरात होती. आज ती काही डझनांवर आली आहे. मुले शिकली, उपनगरांत गेली, नियम सैल झाले, जागांची भाडी वाढली. मुंबईतली इराणी हॉटेले ज्या कारणांनी गेली, जवळपास त्याच कारणांनी डेल्या गेल्या.

डेलीत विश्वास माणसावर होता. मालक ओळखीचा, देवळात शेजारी बसणारा. कारखाना आला तेव्हा ती ओळख तुटली. मग त्यांच्या धर्मसंस्थेने एक युक्ती काढली. १९२३ साली हाइन्झ कंपनीच्या डबाबंद घेवड्याच्या शाकाहारी प्रकाराला 'ऑर्थोडॉक्स युनियन' या संस्थेने मान्यता दिली आणि पुढे ते वर्तुळातले यू पाकिटांवर येऊ लागले. कंपनी संस्थेला फी देते, संस्था आपला तपासनीस पाठवते. तो न सांगता येतो, पिठाची चाळणी पाहतो, तेलाचे पिंप पाहतो, यंत्रावर आधी काय चालले होते ते विचारतो. दुधाचा अंश असेल तर चिन्हाशेजारी डी हे अक्षर छापावे लागते. आज भारतातून मसाले आणि खाद्यपदार्थ निर्यात करणारे कित्येक कारखाने असे प्रमाणपत्र घेतात आणि त्यासाठी तपासनीस आपल्या औद्योगिक वसाहतींतही येऊन जातात.

मी आयुष्यभर बँकेत तपासणीचे अहवाल लिहिले आणि वाचले. त्यामुळे या पद्धतीबद्दल मला आदर वाटतो. पण शिक्का फक्त त्याच्या घरच्या माणसांशी बोलतो, हेही त्या रात्री कळले. अंडे 'पारेव्ह' आहे, म्हणून बाईंच्या दृष्टीने ते पाकीट निर्दोष. त्यांनी आम्हाला फसवले नव्हते. त्यांच्या कोशात 'मांस नाही' याचा अर्थ तेवढाच होता. आपल्याकडे २००१ च्या सुमारास पाकिटांवर हिरवा ठिपका आला. तो ठिपकाही पत्नीच्या बाजूने बोलला असता, पण शेजारच्या जैन कुटुंबाला कांदा-लसणाबद्दल काही सांगू शकला नसता.

आणि शिक्का देण्याचा अधिकार कोणाकडे, हा प्रश्न पदार्थावरच थांबत नाही. त्यासाठी अमेरिकेतून परत आपल्या कोकणात यावे लागेल.

१९८७ साली माझी बदली अलिबागला झाली. वऱ्हाडातून गेलेल्या मला समुद्र नवा, भात नवा आणि 'इस्रायल आळी' हे नाव तर फारच नवे. तिथे बेने इस्रायल समाजाचे प्रार्थनामंदिर आहे. शेकडो वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा. गावांवरून आडनावे पडली: किहीमकर, पेणकर, दिवेकर, झिराडकर. धंदा तेलाच्या घाण्याचा; शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले.

आमच्या शाखेत एक वृद्ध बेने इस्रायल बाई दर महिन्याला पेन्शन घ्यायला येत. नऊवारी, कपाळ मोकळे, मराठी अस्सल अष्टागरी. त्यांनी एकदा नवस फेडला तेव्हा मलिद्याचे ताट पाहायला बोलावले. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती फळे. प्रेषित एलियाहूच्या नावाने. मी विचारले, तुमचे खाण्याचे नियम काय? त्या म्हणाल्या, "मटणात दूधदही नाही. म्हणून नारळाचं दूध." नियम पाळण्यासाठी त्यांना कुठल्या दुकानाची गरजच नव्हती, परसात माड होता. शब्बाथला द्राक्षाची वाइन कुठून आणायची? काळ्या मनुका भिजवून त्यांचे सरबत. सणांची नावेसुद्धा स्वयंपाकघरातली: खिरीचा सण, बिरड्याचा सण. मंदिराचा नाश आठवून धरलेला उपवास ते मोड आलेल्या वालाच्या बिरड्यावर सोडत. जेरुसलेमचे दुःख आणि अलिबागचे वाल, दोन्ही एका पानात.

म्हणून महाराष्ट्रात डेली कधी झाली नाही. घरे होती तोवर पदार्थ होते. १९४८ नंतर घरेच उठून गेली. वीस हजारांच्या आसपासचा समाज पन्नास आणि साठच्या दशकांत मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. दिमोना, अश्दोद, लोद, रामले, बीरशेबा. आणि तिथे त्यांच्यावरच शिक्क्याचा प्रश्न आला. तुम्ही ज्यू आहात खरे, पण पुरते ज्यू आहात का? धर्मपीठाने विवाहनोंदणीच्या वेळी त्यांच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी करण्याचे फर्मान काढले. शेकडो वर्षे कोणी तपासनीस नसताना शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या माणसांना प्रमाणपत्र मागितले गेले. १९६४ च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेमला धरणे धरून बसले. अखेर सरकार आणि संसद त्यांच्या बाजूने उभी राहिली आणि फर्मानातून त्यांचे नाव निघाले. आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे ज्यू पंच्याऐंशी हजारांच्या घरात असल्याचे सांगतात, त्यांतले बहुसंख्य मूळचे मराठी. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही तिथून निघत आले. महाराष्ट्रात मात्र काही हजारांचाच समाज उरला. २०१६ साली राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. तोही एक शिक्काच. जरा उशिराने उमटलेला.

आळीतल्या त्या बाईंचे पुढे काय झाले ते मला कळले नाही. १९८९ मध्ये त्यांनी खाते बंद केले, मुलाकडे जाते म्हणाल्या. खाते बंद करण्याच्या अर्जावर कारण लिहायची जागा असते. तिथे त्यांनी मोडीवळणाच्या अक्षरात लिहिले होते, 'गाव सोडले.'

पदार्थ गाव सोडणाऱ्यांच्या पाठीवर बसून हिंडतात. कोल्हापूरजवळ वळीवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. सायबेरियातून सुटून आलेल्या बायका आणि मुलेच जास्त. पिरोगी हा पोलंडच्या घरोघरचा पदार्थ. पंचगंगेच्या काठच्या बराकींत तो शिजला असणारच, आणि बहुधा कोल्हापुरी बटाट्याचा. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सात त्या छावणीच्या स्मारकाला फुले वाहायला गेले, तेव्हा मराठी वाहिन्यांना वळीवडे आठवले. पोलिश गेले आणि त्याच जागेत सिंधी निर्वासित आले. आज ते गांधीनगर, घाऊक कापडाची मोठी पेठ. आमच्याकडे शेगावची कचोरी आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाने १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनावर ती सुरू केली. आज आमच्या पोरांना वाटते की गजानन महाराजांच्या काळापासून ती असावी.

कचोरी गाडीच्या खिडकीतून विकली गेली, म्हणून जगली. रेल्वे नसती तर ती एका कुटुंबाची फाळणीपूर्व आठवण राहिली असती. अमेरिकेत हेच काम शीतपेटीने केले. १९५२ साली पेन्सिल्व्हेनियातल्या शेननडोआ या कोळसाखाणींच्या गावात टेड ट्वार्डझिक नावाच्या पोलिश वंशाच्या तरुणाने आईच्या हातच्या पिरोगीचा कारखाना काढला आणि आईच्या नावाने 'मिसेस टी' हे नाव दिले. गोठवलेली पिरोगी तिथून देशभर गेली.

आता आपल्याकडे तोच काळ आला आहे. गोठवलेले पराठे, समोसे, पुरणपोळ्या, उकडीचे मोदक परदेशी जातात. सरकारलाही या खाद्यप्रकाराचे काय करायचे ते बरीच वर्षे कळत नव्हते. २०२० साली कर्नाटकात गोठवलेला परोटा हा पोळीच्या वर्गात बसत नाही, म्हणून त्यावर १८ टक्के जीएसटी, असा निर्णय झाला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये पोळी, पराठा, परोटा यांच्यावरचा कर शून्यावर आणला, तेव्हा कुठे परोट्याला पोळीच्या पंक्तीत बसता आले. त्याआधी २०२० मध्येच सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना आली: भांडवली खर्चावर ३५ टक्के अनुदान, कमाल दहा लाख. महिला बचत गटांच्या प्रत्येक बैठकीत कोणीतरी 'फ्रोझन'चे स्वप्न दाखवू लागले. आमच्या तालुक्यातही दाखवले.

इथे मला माझा एक जुना हिशेब सांगितला पाहिजे. २००६ साली मी वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. अकरा बायकांचा एक गट आला. सांबारवडी आणि पुरणपोळी गोठवून पुण्या-मुंबईला पाठवायची. (बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, सांबारवडी म्हणजे बेसन-मैद्याच्या पारीत कोथिंबीर, खसखस, खोबऱ्याचे सारण भरून तळलेली पुडी.) त्यांनी वाटीभर नमुना आणला होता. मी खाल्ला आणि प्रस्ताव मंजूर केला. माझ्या नोकरीतला तो सर्वांत चविष्ट आणि सर्वांत निष्काळजी निर्णय.

गोठवणे म्हणजे फ्रीजमध्ये ठेवणे नव्हे, हे मला ठाऊक नव्हते आणि ते मी कोणाला विचारलेही नाही. पदार्थ झपाट्याने गोठला तर आत बर्फाचे कण बारीक राहतात आणि चव टिकते. साध्या डीप फ्रीजरमध्ये तो हळूहळू गोठतो, कण मोठे होतात, पेशी फुटतात आणि वितळताना सारणाला पाणी सुटते. कुस्करलेला बटाटा हे बऱ्यापैकी सोसतो, पुरणही सोसते. कोथिंबीर नाही सोसत. ती काळी पडते, मऊ होते. शिवाय एकदा गोठवलेले शेवटपर्यंत उणे अठरा अंशांवर राहिले पाहिजे. त्या वर्षांत वऱ्हाडातल्या खेड्यांना भारनियमन किती तास होते, ते इथल्या कोणालाही विचारा. मे महिन्यात पारा पंचेचाळीस, दिवे गेलेले, आणि फ्रीजरच्या झाकणावर बायकांनी ओल्या गोणपाटांच्या चळती टाकलेल्या, हे मी तपासणीला गेलो तेव्हा पाहिले. आत माल नरम झाला होता. एका बाईने झाकण उघडले आणि लगेच बंद केले, मला दिसू नये म्हणून.

नव्वद दिवस हप्ता थकला की खाते अनुत्पादक होते. नोटीस माझ्या सहीने गेली. त्या बायकांनी फ्रीजर निम्म्या किमतीला विकला आणि उरलेले कर्ज सांडगे, पापड आणि वाळवलेल्या कुरडया विकून चार वर्षांत फेडले. एकही हप्ता माफ करा म्हणाल्या नाहीत. अनुदान मिळाले असते तरी फरक पडला नसता. अनुदान बँकेत अडकलेले असते आणि वितळलेल्या पुरणपोळीवर ते लावता येत नाही.

म्हणून आज कोणी गटाला यंत्राचे दरपत्रक दाखवते तेव्हा मला दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. पहिली, वीज. आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, पण वादळात तार तुटल्यावर किती तासांत जोडली जाते, हे कर्जाच्या अर्जात कोणी लिहीत नाही. दुसरी, तपासनीस. ज्यूंच्या त्या पद्धतीतले यंत्र घेण्यासारखे नाही, ते सगळीकडे मिळते. घेण्यासारखा आहे तो न सांगता येऊन पिठाची चाळणी पाहणारा माणूस. आमच्याकडे पाकिटावर 'घरगुती चव' छापायला कोणाची परवानगी लागत नाही. पाकिटात कोणते तेल, कोणाच्या घरात केले, त्या कढईत आदल्या दिवशी काय तळले, हे विचारले की गटाच्या अध्यक्षा रागावतात. त्यांचा राग मला समजतो; त्यांच्या सासूबाईंना असे कोणी विचारले नसते. पण त्यांच्या सासूबाईंच्या करंज्या आळीबाहेर जातही नव्हत्या. आळीतला विश्वास पाकिटात भरून पाठवता येत नाही, तो दुसऱ्या कोणीतरी तपासून द्यावा लागतो, आणि त्याला पैसे पडतात. तो खर्च गटाने द्यायचा की सरकारने, यावर योजनेत चर्चा हवी होती. चर्चा झाली ती यंत्रांच्या क्षमतेवर.

एक आणखी मुद्दा, जरा बोचणारा. या सगळ्यात पैसा कोणाला मिळतो? पेन्सिल्व्हेनियातल्या त्या आईचे नाव पाकिटावर तरी आले. आपल्याकडच्या गोठवलेल्या पुरणपोळीवर गावाचे नाव नसते, बाईचे तर नसतेच. तिला नगावर मजुरी मिळते. माझ्या ओळखीच्या एका गटातल्या बाईला मी विचारले, तुमचा माल कुठे जातो? ती म्हणाली, "अमरावतीले." तिथून पुढे कुठे? ते तिला माहीत नव्हते.

खरे म्हणजे करंजीला शीतपेटीची गरजच नाही. सुके खोबरे, भाजलेली खसखस, साखर. ओल कुठेच नाही. पारीत कडकडीत मोहन. मंद आचेवर तळलेली. ती पंधरा-वीस दिवस डब्यात राहते. अडचण एकच, ती करायला बसणाऱ्या बायका कमी झाल्या. आमच्या आळीत दिवाळीच्या आधी पाच घरांच्या बायका एका ओसरीवर बसत. एक लाटे, एक भरे, एक मुरड घाली. त्या ओसरीवर आज दोघी बसतात, त्यातली एक माझी पत्नी आणि दुसरी तिची विहीण. पाचही घरांची मुले पुणे, बंगळुरू, टेक्सास, न्यू जर्सी अशी पांगली आहेत. दर दिवाळीला धामणगावहून पार्सल जाते.

गेल्या दिवाळीच्या पार्सलसाठी दोन डबे भरले गेले. एक मुलीचा. दुसरा वरच्या मजल्यावरच्या बाईंसाठी, त्यात करंज्या नव्हत्या. संत्री इतक्या दूर जात नाहीत, म्हणून नुसता आख्खा सुकामेवा, दुकानातून घेतलेला, न फोडलेल्या पाकिटांत. पत्नीने प्रत्येक पाकीट डोळ्यांजवळ धरून वर्तुळातले यू आहे का ते पाहिले. अक्रोडाच्या एका पाकिटावर नव्हते, ते तिने परत केले. मग मुलीच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली. बॉलपेनने, ठळक अक्षरात: 'अंडं नाही. मोहन तेलाचं. मी केल्या.'